काकांच्या चोपन्न पायऱ्या

आमच्या काकांनी चौतीस वर्षं एका कचेरीत लिफ्ट चालवली. दिवसातून पन्नासेक वेळा सातव्या मजल्यावर जायचे, तेही स्टुलावर बसून. जिना हा धीर नसलेल्या लोकांसाठी असतो, असं त्यांचं ठाम मत. स्वतःचं घर मात्र तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही.

सत्तरीत त्यांचं हृदय थकलं. पाय सुजले, दहा पावलांत धाप लागायला लागली. इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढे जिने सध्या नकोत. रोज थोडं थोडं वाढवा. दम न लागता वर जाता आलं, की खुशाल घरी राहा." तोवर मुक्काम तळमजल्यावर, माझ्या बाहेरच्या खोलीत. मी त्यांचा पुतण्या. मला कुणी विचारलं नाही.

त्या खोलीत पलंग एकच मावत होता, म्हणून काकू वरच राहिल्या. माझ्या बायकोच्या हाताला चव नाही, हे काकांनी तिच्या तोंडावर सांगून टाकलं. मग काय! चहा, जेवण, गोळ्या, विसरलेला चष्मा, असं करत काकू दिवसातून सात-आठ वेळा जिना उतरायच्या नि चढायच्या. त्यांना मधुमेह, वर गुडघे कुरकुरणारे. कुरकुर काकूही करायच्या, पण थांबायच्या नाहीत.

काकांना काहीही करून वर जायचं होतं. काकू खोलीत नसल्या की त्यांना झोप येत नव्हती. मला म्हणाले, "तुझा पंखा आवाज करतो." रोज एखादी पायरी जास्त चढायची, थांबायचं, उतरायचं. पंधराव्या पायरीवर महिनाभर अडकले तेव्हा भयंकर चिडले. सोबत मी होतो, म्हणून माझ्यावर.

सहाव्या महिन्यात चोपन्नावी पायरी आली. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "चपला बाहेर काढा." माझे डोळे भरून आले. त्या दोघांचे कोरडेच होते.

तीन महिन्यांनी दोघं त्याच डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला गेले. काका ठणठणीत. काकूंची साखर मात्र भलतीच वाढलेली, आणि खुर्चीवरून उठताना हातांचा आधार लागत होता.

"मागच्या वेळी किती छान होतं सगळं," बाई म्हणाल्या. "मध्ये काय बदललं?"

काकूंनी काकांकडे बोट दाखवलं. "हे घरी आले."

बाईंना लगेच उमगलं. काकूंचा जिना सुटला होता.

संध्याकाळी मी वर गेलो, तर काका पिशवीत टॉवेल आणि गोळ्या भरत होते. "मी खाली येतो राहायला," ते मला म्हणाले. "म्हणजे हिची ये-जा सुरू होईल." सूर कोपऱ्यावर जाऊन येतो असा, पण पिशवीचा बंद काही त्यांना बांधता येईना.

काकूंनी पिशवी ओढून घेतली. "जिना मी एकटी उतरेन नि चढेन. तुम्ही इथून हलायचं नाही."

"अगं, पण मी खाली असलो तर..."

"तुम्ही खाली असलात, तर मी वर कशाला येऊ?"