धनुष्याचं माप माझ्या भुवईला

आमच्या घरात सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे नातीचं धनुष्य. त्याच्यानंतर म्हैस. मग मी.

पूजाच्या शाळेत तिरंदाजी सुरू झाली, तेव्हा आम्ही ते आदिलाबादहून आणलं. बांबूच्या अन् लाकडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवलेलं, मधून जरासं वाकलेलं. विकणाऱ्यानं बजावलं, "खेळ झाला की दोरी काढा. उन्हात भिंतीले टेकवून ठेवू नका. नाही तर वाक वाढते अन् पट्ट्या सुटतात."

मला एकच नवल. रोज एवढं ताणायचं, तर त्या पट्ट्या आकार किती वर्षं धरतील? लक्ष ठेवायचं मी ठरवलं. दोरी काढून उभं केलं, टोक माझ्या भुवईला लागलं. पुढं वाकलं तर उंची कमी भरणार, सोपा हिशेब! आमच्या बुढ्यांनी, म्हणजे पूजाच्या आजोबांनी, दाराच्या चौकटीवर तेवढ्याच उंचीला कोळशाची रेघ मारली. मी म्हटलं, "रेघ पुसून जाते जी. माप अंगावर असावं!" (मी दिवसभर ओट्यावर उन्हात भिंतीला टेकूनच बसते. पहारा फुकटात.)

यंदा पूजाच्या तिरंदाजी संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी मोजलं. टोक थेट भांगाला!

"अहो, हे तर वाढलं!"

"बांबू हाय. पावसाळ्यात कोंब फुटला असन," बुढे म्हणाले. (यांचं डोकं असं.)

मी विचार केला. चिकटवलेलं लाकूड वाढत नाही. म्हणजे होता तो वाकही गेला, सरळसोट काठी झाली! आता बाण काय ढकलून पाठवायचा? पोरीची निवड बुडाली! मी धनुष्य दोन विटांवर आडवं ठेवलं अन् वरून दाबायला ज्वारीचं पोतं ओढत आणलं.

तेवढ्यात पूजा शाळेतून आली.

"आजी! काय करून राह्यली व?"

"तुझं धनुष्य वाकवून राह्यली! सरळ झालं ते!"

"मोडन ना! उद्या काय घेऊन जाऊ, तुझी काठी?"

तिनं ते हिसकावलं अन् चौकटीला लावलं. टोक बरोबर कोळशाच्या रेघेवर! केसभर वर नाही, खाली नाही.

"मंग माझ्या भांगाले कसं लागलं?"

बुढ्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अवं, धनुष्य होतं तेवढंच हाय. वाकली तू."

पूजाची निवड झाली. मी मात्र उन्हात भिंतीला टेकणं सोडलं. बुढे म्हणतात, "आता काऊन सोडतं? पट्ट्या तर कवाच्याच सुटल्या!"