स्वस्त भूल, महाग भूल

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे किस्से आपोआप साठतात. पेशंट शुद्धीवर येताना जे बोलतो ते त्याला आठवत नाही, आपल्याला मात्र विसरता येत नाही!

गडचिरोलीत आमचं छोटं हॉस्पिटल. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळच्या एसटीनं पेशंट घरी. हुंगवायची औषधं दोन. आयसो स्वस्त, पण जाग हळू येते. सेव्हो महाग, पण पेशंट पटकन उठतो. हॉस्पिटलचे मालक म्हणजे आमचे सर्जनसाहेब, त्यामुळे आयसोच!

*

आरमोरीकडची एक बाई गाठ काढायला आली होती. अर्धवट जागी होत म्हणाली, "ते ओल्या लुगड्याची बाई कोण जी? मले गाव विचारून राह्यली." खोलीत मी आणि युनिफॉर्ममधली सिस्टर. आम्ही हसलो.

*

मग वरोऱ्याचा एक शेतकरी, गळू कापलेला. "कोणती तरी ओली बाई गाव विचारे. मी काऊन सांगू? नाई सांगतलो." तोही ठणठणीत घरी गेला. या खेपेला आम्ही हसलो नाही.

*

तलावात मासे धरणारा म्हातारा मात्र खुशीत उठला. "सांगतलो ना जी. बिचारी किती दुरून आली."

टाके काढायला तो आलाच नाही. निरोप घेऊन मुलगा आला. बाबा तलावावर गेले आणि तिथेच बुडाले. पाणी गुडघाभर होतं म्हणे.

*

मी घाबरलो, सरळच सांगतो. पण साहेबांपुढे बाईचा विषय काढला नाही, फक्त हिशेब मांडला. सेव्होची बाटली महाग, पण खाट लवकर रिकामी होते, सिस्टर मोकळी होते, कुणाची एसटी चुकत नाही. साहेबांना पटलं.

सेव्हो आल्यापासून बाईचं नाव कुणी काढलं नाही. सिस्टर म्हणाली, "आता तिले विचारायले टाइमच नाई भेटत."

*

मागच्या महिन्यात साहेबांचंच हर्नियाचं ऑपरेशन झालं. सर्जन चंद्रपूरहून बोलावले, भूल माझी. अर्थात सेव्हो. मास्क काढला आणि थोड्याच वेळात साहेब गप्पा मारायला लागले.

"डॉक्टर, ते ओल्या लुगड्याची बाई नवीन ठेवली का? मोठ्या घाईत होती."

मी खाटेजवळ वाकलो. "तुमचं गाव विचारलं तिनं? सांगितलंत?"

"माझं नाई विचारलं जी. भूल देणाऱ्या डॉक्टरचं गाव कोणतं म्हणे. मी सांगून टाकलं."