धावपट्टीवरची तूर

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, तेव्हाच कळलं. वर दोनच ओळी... अकोल्याचा माझा थोरला भाऊ गेला. दीड महिना झाला, तरी इथे अमरावतीत माझा पाय घरात ठरत नाही. चूल पेटवते आणि अंगणात येऊन उभी राहते. त्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली.

लढाईच्या दिवसांत अकोल्याजवळ विमानांसाठी धावपट्टी झाली, त्यात आमचं निम्मं वावर गेलं. काळ्या मातीवर मुरूम पडला, रूळ फिरला. भाऊ उफणणीत तरबेज, मूठभर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, हवेत सोडून वारा कुठून येतो ते सांगायचा. तेवढ्या गुणावर साहेबाने त्याला तिथेच राखणदार नेमलं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर चढवायची आणि गुरं हाकलायची. आपल्याच वावरातून आपलीच गुरं हाकलताना त्याला काय वाटत होतं, हे मी कधी विचारलं नाही. विमान तर महिनोन्‌महिने फिरकायचं नाही.

त्या वर्षी मी माहेरी होते. मावठ पडून खळं ओलं झालं होतं आणि तूर बडवायची होती.

"एवढी कोरडी जागा पडली असून चिखलात काहून बडवाची?" मी म्हटलं.

"ते सरकारचं हाय, बाई."

"परवापर्यंत आपलं होतं ना?"

तो कामाला अकोल्यात निघून गेला. मी हट्टाने गाडी जुंपायला लावली. दुपारी धावपट्टीवर लांबच लांब तूर पसरलेली... आणि वर घरघर. भाऊ वाटेतूनच धावत आला, फेटा सोडून दोन्ही हातांनी हलवू लागला. विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि ते न उतरताच निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. माल कोणाचा, म्हणाला.

"माहा," भाऊ म्हणाला.

मी दाराआड होते. पुढे व्हायला चार पावलं पुरे होती, ती मी टाकली नाहीत. भाऊची राखणदारी गेली. वावर गेलंच होतं, आता त्यावर पाय ठेवायची मुभाही गेली, आणि ती माझ्यापायी.

मग दर भाऊबीजेला तो तुरीच्या डाळीची पिशवी घेऊन यायचा. मी "भाऊ, त्या दिवशी..." म्हटलं की तो विचारायचा, "मागची डाळ शिजली का चांगली?" मलाही ते सोयीचंच होतं. स्वतःचा संताप येतो तो याचाच.

गेल्या आठवड्यात अकोल्याला गेले. वहिनींनी फळीवरून एक मडकं काढलं. त्यात राखेत घोळलेली तूर होती.

"तुमच्या त्या तुरीचं बी हाय, बाई. दरसाल बांधावर पेरत. तुमाले डाळ याचीच येत होती."

मी मडक्यातली मूठभर तूर हातात घेतली.

"चिडत नव्हते का हो?"

"कायले चिडतील? म्हणत, वावर गेल्यावरबी बाईनं त्यात एक डाव खळं केलं."

मडकं मी अमरावतीला आणलं आहे. कुटारही थोडं मागून घेतलं. सकाळी चहा टाकून अंगणात येते, त्याच्यासारखी हात उंच करून मूठ सोडते. वारा कुठून येतो ते मला कळत नाही. कुटार तेवढं सगळं माझ्याच अंगावर येतं.