मागेपुढे चारशे

"काढ म्हणते ना! आत्ताच्या आत्ता काढ!"

"आई, आठवडाभर थांबा. एकच आठवडा."

"पोरीनं कालपासून तोंड उघडलेलं नाही, नि मी आठवडा थांबू? तू मला शब्द दिलायस, लामझिरा!"

"दिलाय. नाही म्हणतेय का मी?"

"मग हो बाजूला."

"होता येत नाही! आत बिया मोजायला लावल्यात!"

"बिया काय पळून चालल्यात?"

तिबिलिसीच्या आमच्या तळघरात त्या दिवशी हे असं पेटलं होतं. एका बाजूला साबेदो आजी. काळा झगा, काळा रुमाल, पायात रबरी बूट आणि काखेत तांब्याची परात. दुसऱ्या बाजूला तिची सून लामझिरा, यंत्राभोवतीच्या शिशाच्या किल्ल्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभी. ट्रामच्या दारात कंडक्टर उभी राहते ना, विनातिकीट माणसाला अडवायला, अगदी तशी. राहणारच. आठ वर्षं ट्रामवरच काढली होती तिनं.

मी, तिथली मदतनीस, कोपऱ्यात काचेची नळी हातात धरून थिजले होते. या दोघींच्या मधे पडायची ग्रिगोल साहेबांची सुद्धा छाती नव्हती, आणि साहेब तर आमच्या प्रयोगशाळेचे मुख्य.

लामझिरा आमच्याकडे आली तीच मुळी आरडाओरडा करत. साहेब एकदा मोठी काचेची बाटली छातीशी धरून ट्राममधे चढले. गर्दी मरणाची. बाटलीत काय आहे ते लामझिराला ठाऊक नव्हतं, पण साहेबांचा चेहरा तिनं पाहिला आणि ओरडली, "ए, त्या बाटलीला बसायला जागा द्या! माणसं उभी राहतील!" एक गलेलठ्ठ गृहस्थ कुरकुरले, की मी तिकीट काढलंय, बाटलीनं काढलंय का? लामझिरानं स्वतःच्या पैशानं तिकीट फाडलं आणि बाटलीच्या गळ्यात अडकवलं. साहेब उतरताना म्हणाले, "बाई, आमच्याकडे याल का? आम्हाला सामान मिळवून देणारं माणूस पाहिजे."

"काय सामान?"

"जे कुठेच मिळत नाही ते."

"येते," म्हणाली.

आमचं काम म्हणजे जुन्या लाकडाचं, कोळशाचं, हाडाचं वय काढायचं. वस्तू जाळायची, तिचा वायू करायचा, त्यातून चमचाभर स्वच्छ द्रव काढायचा आणि यंत्रात ठेवायचा. त्यातला कार्बन अधूनमधून एक हलकी टिचकी मारतो, आणि यंत्र ती मोजतं. टक्. जितकी जुनी वस्तू, तितक्या टिचक्या कमी. अडचण एवढीच, की बाहेरचं जगही सारखं टिचक्या मारत असतं: आकाश, जमीन, भिंतीतल्या विटा. म्हणून यंत्राभोवती शिशाचा जाड किल्ला करावा लागतो. पण नव्यानं गाळलेलं शिसं स्वतःच बडबडं असतं. दोनशे वर्षं पडून राहिलं, की गप्प होतं.

साहेबांनी हे सांगितल्यावर लामझिरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे म्हातारं झालं की बडबड बंद? आमच्या घरात उलटं आहे, साहेब!"

घरात त्या दोघीच असायच्या. नवरा वालिको आगगाडीचं इंजिन चालवायचा. घरी असला तर झोपलेला असायचा. खरा संसार सासूसुनांचा. दोघींचं भांडण इमारतीच्या सामाईक चौकातल्या तुतीच्या झाडाखाली सुरू व्हायचं, आणि वरच्या लाकडी गॅलऱ्यांतून शेजारी दोन्ही बाजूंनी मतं द्यायचे.

वर्षभर लामझिरा शिशामागे फिरली. पडक्या पुलाच्या दगडांतलं शिसं, शिकाऱ्यांच्या आजोबा-पणजोबांनी पुरून ठेवलेल्या बंदुकीच्या गोळ्या, बुडालेल्या होडीची वजनं. देवळाच्या भिंतीतल्या शिशाला मात्र हात लावायची नाही. "सरकार देव मानत नाही," म्हणायची, "पण सरकारला माझ्या सासूबरोबर राहायचं नाहीये." तिची अदलाबदल सरळ होती: एक हिस्सा जुनं द्या, दोन हिस्से नवं घ्या. त्यानं बाजारात भलताच गोंधळ झाला. नवं देऊन जुनं घेते? दुप्पट? बाई वेडी तरी असेल, नाहीतर लबाड.

"सोनं निघतं म्हणे त्यातून," कसाई डोळा मारत म्हणाला.

"सोनं निघत असतं तर मी असले फाटके बूट घातले असते?"

"हुशार बाई फाटकेच घालते!"

तरी आणलंन. किल्ला उभा राहिला. शेवटी झाकणाचं बूच तेवढं उरलं, मुठीएवढं, पण यंत्राच्या अगदी तोंडाशी बसणारं. त्यासाठी ती डोंगरात, राचाला, आंब्रोसी नावाच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याकडे गेली आणि त्याच्या पणजोबांच्या गोळ्या घेऊन आली. आम्ही त्या वितळवल्या, बूच ओतलं, बसवलं, श्वास रोखून यंत्र चालू केलं.

टकटकटकटकटक.

बाजारात बसल्यासारखं! साहेबांनी कपाळावर हात मारला. लामझिरानं त्याच पावली राचाची गाडी धरली. आंब्रोसी तिसऱ्या पेल्यावर कबूल झाला.

"ट्रकची बॅटरी होती, पोरी."

"तुम्ही पणजोबांची शपथ घेतली होती!"

"मग? साचा पणजोबांचाच होता की!"

इकडे बाग्रात दाराशी येऊन बसला होता. बाग्रात म्हणजे उत्खननवाला. एका टेकाडात, मातीच्या रांजणाच्या तळाशी, त्याला कोळसा झालेल्या द्राक्षाच्या बिया सापडल्या होत्या. मूठभर. आगपेटीत घालून तो त्या कोटाच्या आतल्या खिशात घेऊन हिंडायचा, आणि बोलताना सारखा त्या खिशावर हात ठेवायचा.

"जाळल्या की संपल्या," तो म्हणायचा. "एकदाच मोजता येतील. तुमचं यंत्र गप्प बसल्याशिवाय मी देणार नाही. बारा दिवसांनी मॉस्कोला सभा आहे. नाही जमलं तर सांगा, त्यांच्या यंत्राला देतो."

"त्यांच्या?" लामझिरा कडाडली. "आमच्या द्राक्षाचं वय परक्यांनी सांगायचं? तुमच्या आईचं वय तुम्ही शेजाऱ्याला विचारता का?"

मूठभर जुनं शिसं पाहिजे होतं, आणि ते तिच्याच घरात होतं. साबेदो आजीच्या पेटीत, फडक्यात गुंडाळलेलं, पणजीकडून आलेलं. आमच्याकडे पोर घाबरलं, दचकून उठायला लागलं, की त्याच्या डोक्यावर थंड पाण्याची परात धरायची आणि वितळलेलं शिसं त्यात ओतायचं. चर्रर्र होतं, भीती त्यात उतरते. मग ते शिसं पोराच्या उशाखाली ठेवायचं, ते शांत झोपायला लागेपर्यंत. आमच्या अर्ध्या गल्लीची भीती साबेदो आजीनं काढली होती. माझीसुद्धा.

"माझं शिसं फक्त घाबरलेल्याला," म्हातारी म्हणाली.

"मग येऊन बघा आमचं यंत्र! कसं थरथरतंय!"

आणि आली की म्हातारी! जिना उतरली, यंत्राला कान लावला, बराच वेळ ऐकलंन. टकटकटकटक. साहेबांना विचारलं, "कशाला घाबरलं हे?"

"सगळ्यालाच, आजी. आकाशापासून भिंतीपर्यंत."

"बिचारं," ती म्हणाली, आणि बाह्या सारल्या. पेटीतलं शिसं मागवलं, आणि बूच तिनं स्वतः ओतलं. दुसऱ्या कुणाला पळीला हात लावू दिला नाही. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. साहेब कम्युनिस्ट पक्षाचे सभासद, मंत्र कानावर पडायला नको, म्हणून ते छताकडे बघत राहिले. मग बूच बसवलं.

टक्.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

बऱ्याच वेळानं: टक्.

साहेबांनी लामझिराला उचललं! खरंच उचललं, जमिनीवरून, आणि ती काही हलकी नव्हती. मोजायच्या काचेच्या भांड्यांतून वाइन प्यायलो. बाग्रातनं आगपेटी काढून टेबलावर ठेवली आणि पाठ फिरवली. जाळताना त्याला बघवेना. त्या गोंधळात लामझिरा सासूचे हात धरून म्हणाली, "तुमची इडापिडा मला लागो, आई! पोर घाबरून आलं की त्या क्षणी परत. माझा शब्द."

तिच्या शब्दावर तर आमचा अख्खा किल्ला उभा होता. शिसं आधी घेऊन बदल्यातलं नंतर पाठवते म्हटलं, तरी लोक देत असत.

मोजणी सुरू झाली, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीच्या उतारावर ट्रकचा ब्रेक गेला. ट्रक घसरत आला आणि चौकाच्या फाटकाला धडकून थांबला. फाटकाच्या आत, वीतभर अंतरावर, दोदो उभी होती. शेजारच्यांची पाच वर्षांची पोर. खरचटलंही नाही. पण तेव्हापासून दूध नाही, झोप नाही, शब्द नाही. नुसती फाटकाकडे बघत बसलेली. डॉक्टर आला, हाडं बघितली, उत्तम आहेत म्हणाला आणि गेला.

म्हणून त्या दिवशी परात काखेत मारून साबेदो आजी तळघरात उभी होती.

आवाज ऐकून बाग्रात जिन्यावरून धावत आला. "कोण काय काढतंय? कुणी हात लावायचा नाही!"

"हा कोण ओरडणारा?" आजीनं विचारलं.

"त्याच्या बिया आहेत, आई."

"मग त्याला सांग, पोर माझं आहे."

"आजी, दुसरं शिसं घ्या!" बाग्रातनं हात जोडले. "दहापट देतो!"

"आणि पोरीची आई काय म्हणेल? साबेदोनं दुकानातलं ओतलं?"

"मग किल्ल्याच्या भिंतीतलं जुनं घ्या!"

"त्याला सगळा किल्ला मोडावा लागेल," साहेब म्हणाले. ते एव्हाना कागदावर आकडेमोड करायला बसले होते. मी वाकून बघायला गेले तर म्हणाले, "थांब, थांब गं!" परत एकदा गुणाकार केला. मग मान वर केली. "साडेसहा हजार वर्षं."

पुढची टिचकी पडेना. मग: टक्.

"किती?" लामझिराचे पसरलेले हात खाली आले.

"साडेसहा हजार. मागेपुढे चारशे."

बाग्रात मटकन पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. लामझिरानं दोन्ही हातांनी किल्ल्यावर थापा मारल्या, ट्राम सोडताना मारायची तशा. साडेसहा हजार! आमच्या मातीतल्या बिया, आमच्या तळघरात!

"पण मागेपुढे चारशे!" बाग्रात एकदम उठला. "ग्रिगोल, चारशे चालणार नाही. मॉस्कोवाले हसतील. म्हणतील जॉर्जियन माणसं वर्षंसुद्धा पेल्यानं मोजतात! आठवडा पुरा झाला तर?"

"मागेपुढे दीडशे."

"दीडशे! ऐकलंत ना, लामझिराबाई? दीडशेला कुणाची हसायची छाती नाही. वर्षभर तुम्ही यासाठीच पायपीट केलीत!"

आजीला हे काही कळत नव्हतं, पण साडेसहा हजार कळलं होतं. तिनं परात एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "इतक्या मागे द्राक्षं होती?"

"होती, आजी! आणि रांजणात भरत होते!"

"म्हणजे घरं होती."

"होती."

"पोरं होती."

बाग्रातचा हात कोटाच्या रिकाम्या खिशावर गेला.

"दोदो कुठाय?" लामझिरानं हळूच विचारलं. इतक्या हळू बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

"फाटकाशीच. आईनं उचलून आत नेली तरी परत जाऊन बसते. मी सांगून आलेय, लामझिरा आत्ता देईल."

लामझिरानं एकदा साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"लामझिराबाई," बाग्रात पुढे आला, "हात लावू नका. मी विनवतो. अहो, आपल्या सगळ्यांचं..."

तिनं वळून बूच धरलं आणि उपटलं.

टकटकटकटकटकटक! सगळं जग भोकातून आत घुसलं. टिचक्या मोजणारे नारिंगी दिवे वेड्यासारखे पळायला लागले. साहेबांनी झडप घालून यंत्र बंद केलं आणि घड्याळात वेळ बघितली, सवयच ती. बाग्रात भिंतीला टेकला.

"मॉस्कोला काय सांगू मी आता?"

"सांग, चौकातलं पोर घाबरलं होतं," आजी म्हणाली.

"तिथे शास्त्रज्ञ बसलेले असतील, आजी!"

"त्यांना काय पोरंबाळं नाहीत?"

मला हसू फुटलं, आणि मी ते काचेच्या नळीआड लपवलं. बाग्रात हसला नाही. तो लामझिरासमोर जाऊन उभा राहिला. तिच्या मुठीत ते काळं बूच होतं, वर्षभराची पायपीट करून बसवलेलं.

"चारशे आणि दीडशे," तो म्हणाला. "मधली अडीचशे वर्षं तुम्ही घालवलीत, बाई. लोकांच्या नजरेत आपण आता किती खरे उरलो? सांगा ना. तुम्हाला याचं काहीच वाटत नाही?"

लामझिराचे डोळे भरले होते. तिनं बूच सासूच्या परातीत ठेवलं. मग परात स्वतःच्या काखेत घेतली, म्हातारीचा दंड धरला, आणि जिना चढायला लागली.