थॉमसच्या मोटारीचे सहा बोल्ट

पापडीच्या सॅन्टनने उभा जन्म पाचूबंदरला होड्यांची लोखंडी कामं करण्यात घालवला. त्याला जगात एकच वैरी ठाऊक होता, तो म्हणजे गंज.

नंदाखालचा थॉमस त्याचा शाळेपासूनचा सोबती. थॉमसच्या बापाची जुनी मोटार वाडीत झावळ्यांखाली सडत होती. लेक प्रिस्काला लग्नाच्या दिवशी त्याच मोटारीतून देवळात न्यायचं, असं थॉमसच्या मनाने घेतलं. इंजिन दुसऱ्याने केलं, सांगाडा सॅन्टनने घेतला. स्टेअरिंगची पेटी सांगाड्याला धरणाऱ्या सहा रिवेटा हलत होत्या.

आता रिवेटेचं काय असतं, तापवून ठोकली की ती फुगून भोक भरून टाकते. सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी, बसली की उठत नाही. पण तशा ठोकणारे राहिले कुठे? म्हणून बोल्ट आणायला सॅन्टन कामणला गेला. दुकानदार हितेशने काळे बोल्ट पुढे केले. म्हणाला, हे कडक आहेत, यांचा आटे नसलेला भाग भोकात गच्च बसतो. सॅन्टनची नजर मात्र शेजारच्या चकचकीत, न गंजणाऱ्या स्टीलच्या बोल्टांवर.

"काका, ते मऊ. शिवाय त्यांचे आटे भोकात येतील, गच्च बसणार नाहीत. स्टेअरिंगला नको."

"बाबा, तू दुकानात बसणारा. खारा वारा काळ्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खातो. होडीला मी स्टीलशिवाय काही लावलं नाही."

स्टीलचेच घेतले.

लग्न झालं. मोटारीचं कौतुक प्रिस्कापेक्षा जास्त झालं. पुढे तीन आठवड्यांनी थॉमस एकटाच मोटार घेऊन निघाला आणि निर्मळच्या वळणावर सरळ चिंचेवर गेला. जागीच संपला.

थॉमस संध्याकाळी घोटभर घेई, हे गावाला माहीत. अपघात भर सकाळचा, तरी मातीला आलेली माणसंच कुजबुजली, प्यायला असेल. त्याच्या बायकोने, रेजिनाने, तेही ऐकलं. सातव्या दिवसाची मिस्सा, देवळातली प्रार्थना, झाल्यावर तिने सॅन्टनला बोलावलं आणि म्हणाली, मोटार बघ, मला खरं काय ते कळू दे.

सॅन्टन चेपलेल्या पत्र्याखाली आडवा झाला. सहाही बोल्ट आट्यांवर कापले गेले होते. भोकं रुंदावून लांबट झालेली. आज-कालचं काम नव्हे, तीन आठवडे पेटी आत हलत असणार. गंजाचा एक ठिपका नव्हता. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं असतं? तो बाहेर आला आणि ओटीवर बसलेल्या रेजिनापुढे उभा राहिला.

"तो प्यायला नव्हता, रेजिना. त्याने स्टेअरिंग फिरवलं असणार, पण पुढची चाकं वळलीच नाहीत. बोल्ट मी चुकीचे लावले."

तिने पदर तोंडाशी धरला. मग तिने विचारलं, हे चारचौघांत सांगशील?

रविवारी मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवर सॅन्टनने ते सगळ्यांना सांगितलं. माणसं पांगली. रेजिना शेवटी आली.

"त्याचं नाव राखलंस," ती म्हणाली. "पण आता माझ्या दारात येऊ नको."

सॅन्टनने मान हलवली आणि उन्हातून पापडीकडे पायीच निघाला.