माझ्याच ड्यूटीतल्या एरर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे नागपुरातल्या दोन टेलिफोन एक्स्चेंजांदरम्यान ऑप्टिकल फायबर टाकली आणि तिच्यावर नजर ठेवायला मला बसवलं. केसाएवढी काचेची तार. एका तारेतून आपलं बोलणं उजेड होऊन जायचं, दुसरीतून पलीकडचं यायचं. वाटेत किती चुका झाल्या ते मशीन मोजायचं. चुका, म्हणजे आमच्या भाषेत एरर, वाढल्या की लाल दिवा लागायचा, घंटी केकाटायची आणि शहरात कुणाच्या तरी कानात खरखर होऊन बोलणं तुटायचं. मी नवी होते, प्रोबेशनवर. शेरा वाईट आला की घरी बसायचं, एवढं सरळ होतं.

वडील खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये कोळशावर होते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले आणि त्या फळीवर शाळेची पुस्तकं आली. हे ऑफिसात कुणाला सांगावं लागलं नाही. आपल्याकडे आडनाव पुरतं.

दिवा नेमका माझ्याच ड्यूटीत लागायचा. दुसऱ्या टोकाला फोन केला की तिथला सिनियर टेक्निशियन मधाळ आवाजात म्हणायचा, “मॅडमजी, इकडं सब ओके हाय. तुमच्याच मशीनले पाहा ना.” मी पाहायचे. कार्ड बदलायचे, कनेक्टर पुसायचे, तोवर दिवा आपोआप विझायचा. मग आमचे साहेब दारात उभे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “यंत्रालाही माणूस कळतो.” सगळे हसले. चहावालासुद्धा हसला, त्याला काय कळलं कुणास ठाऊक.

ही रडेल, असं त्यांना वाटत होतं. मी रडणाऱ्यातली नव्हे. माझं डोकं फिरतं, आणि फिरलं की चांगलं चालतं. कॉल जुन्या केबलवर वळवून मी आमच्या मशीनचं बाहेर जाणारं टोक त्याच्याच आत येणाऱ्या टोकाला जोडलं. एकही चूक नाही, म्हणजे आमचं मशीन ठणठणीत होतं. मग दुसऱ्या टोकाकडून येणारा उजेड मीटरवर मोजत बसले. दिवा लागला की उजेड कमी व्हायचा, दिवा विझला की पुन्हा होता तेवढाच. घाण असती तर ती अशी येऊन-जाऊन राहिली नसती. तार तुटली असती तर उजेड परत आलाच नसता. फायबर घट्ट वाकवली मात्र, की उजेड त्या वाकणातून गळतो आणि सरळ केली की पूर्ववत येतो. म्हणजे कुणीतरी ती वाकवत होतं.

पुढच्या वेळी घंटी वाजली तशी मी ड्यूटीवरच्या जोडीदाराला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि सायकल दामटत दुसरं एक्स्चेंज गाठलं. तारा जोडायच्या फ्रेमजवळ स्टुलावर बसून तो मधाळ माणूस पिवळी फायबर पेन्सिलीला गुंडाळत होता. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. बाजूला दोघं तमाशा पाहत उभे. मला पाहून तो दचकलादेखील नाही.

“गंमत करून राहिलो, मॅडमजी,” तो म्हणाला. मग हसू पुसून, “माह्या साळ्याची जागा खाल्ली तुमी. पचू देतो का?”

त्याचा मेहुणा मी पास झाले त्याच परीक्षेत नापास झाला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेबांना मी सगळं सांगितलं, मीटरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, “थट्टा केली त्यांनी. तुम्ही फार मनावर घेता.” एरर मात्र त्या दिवसापासून बंद झाल्या. महिनाभरानं माझा शेरा तयार होऊन समोर आला: सुरुवातीस कामात दुर्लक्ष, समज दिल्यानंतर चुका थांबल्या, कायम करण्यास हरकत नाही. खाली माझ्या सहीसाठी ‘मान्य’.

“सही केलीत तर उद्यापासून पर्मनंट,” साहेब म्हणाले. “नाही केलीत तर चौकशी. मग माझ्या हातात काही राहणार नाही.”

संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सही करून टाक वं.”

“पण बाबा, चूक माही नाही.”

“मले कळते ते. मी का येडा हाओ? सही कर.”

मला त्यांचा इतका संताप आला की मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सही केली. दुपारी पाहते तर वडील ऑफिसच्या दारात. धुतलेला पांढरा सदरा, हातात काटोलच्या संत्र्यांची पिशवी. चपला बाहेर काढून ते साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. “पोरीले सुधरवलं तुमी साहेब. उपकार झाले.” सगळं माहीत असून हे बोलले. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं.

साहेब खूश. मला म्हणाले, “वाटा सगळ्यांना.” मी वाटू लागले. दुसऱ्या टोकाचा तो माणूसही त्या दिवशी काही सामान न्यायला आलेला होता. वडील त्याला ओळखत नव्हते. त्यांनी पिशवीत हात घालून सगळ्यात मोठं संत्रं शोधलं आणि स्वतः त्याच्या हातावर ठेवलं.

“नवी हाय पोरगी, भाऊ. लक्ष असू द्या तिच्यावर.”

“असतेच ना काका,” तो म्हणाला आणि संत्रं सोलायला लागला.