आईचा डावा गाल

"थे टीव्हीवाली हाये वं. पाय, डॉक्टरले तोंड वाकडं करून दाखवून राह्यली."

ओपीडीचं दार नीट लागत नव्हतं. फटीतून दोन बायका आत बघत होत्या. आत माझी आई स्टुलावर बसून डॉक्टर मॅडम सांगतील तसं करत होती. भुवया उचला. डोळे गच्च मिटा. गाल फुगवा. दात दाखवा. प्रत्येक वेळी उजवी बाजू हलली आणि डावी तशीच राहिली. बाहेर हसू फुटलं. आईने सवयीने तिकडे वळून हात जोडले.

डॉक्टरांनी उठून दार लोटलं आणि मग आजाराचं नाव सांगितलं. बेल्स पाल्सी. चेहरा हलवणारी नस कानामागून येते. ती सुजली की त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. आपल्याकडे याला तोंडाचा लकवा म्हणतात. "मेंदूचा झटका नाही," त्या म्हणाल्या. "त्यात बहुतेक वेळा कपाळ हलतं. यांचं कपाळही हलत नाही. पण हे कोणी घरी बसून ठरवू नये."

मग त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

"काल सकाळपासून," आई म्हणाली. "चहा ओघळला."

"लवकर आलात. स्टिरॉइड पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं बरं असतं." त्यांनी कागदावर 'काल' असं लिहिलं.

तो गुरुवार होता. मला रविवारी दिसलं होतं. मी ते 'काल' तसंच राहू दिलं.

आई टीव्हीवर विनोदी कामं करते आणि स्वतःचे प्रवेश स्वतःच लिहिते. वर्ध्याच्या कॉलेजात गॅदरिंगमध्ये ती पहिल्यांदा उभी राहिली, मग नागपूरला नाटकं केली, मग मुंबई. शूटिंगपुरती ती तिकडे जाते. लिहायला मात्र आंजीलाच, आमच्या गावी, येते, कारण तिची माणसं इथे आहेत. तिने रंगवलेली द्वारकाबाई सगळ्यांना माहीत आहे. न पटणारं काही ऐकलं की द्वारकाबाईचं तोंड एका बाजूला सरकतं. ती बोलत नाही, तोंड तसंच धरून ठेवते. लोक तेवढ्यावर हसतात.

त्यामुळे रविवारी जेवताना रस्सा तिच्या ओठातून हनुवटीवर आला, तेव्हा बाबा म्हणाले, "द्वारकाबाई जेवून राह्यली वाटते." आई हसली. मीही हसले. पण मी समोर बसले होते. तिचा उजवा डोळा मिटत होता आणि डावा अर्धाच.

मी का बोलले नाही, ते सांगायला हवं.

मी वर्ध्याला इंग्रजी शाळेत शिकले. फोनवर बोलायची मला भीती वाटायची, म्हणून काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढायचे. 'हॅलो, काका, मी बोलते आहे. तुम्ही कसे आहात? मीही बरी आहे.' आठवीत असताना असा एक कागद आईला सापडला. दोन महिन्यांनी टीव्हीवर एक मुलगी हातात कागद धरून फोनवर बोलत होती आणि पलीकडचा माणूस कागदात नसलेलं विचारत होता. प्रवेश चांगला होता. शाळेत वर्षभर मला सगळे 'हॅलो, काका' म्हणत. तेव्हापासून मी घरात कमी बोलते. घरात जे बोललं जातं ते आईच्या वहीत जातं.

सोमवार-मंगळवार आई खोलीत लिहीत बसली होती. डोळा लाल झाला तो लिहून लिहून, असं तिला वाटलं.

घरात कोणाचं तोंड किंवा डोळा असा दिसला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. कोणी हसलं तरी जा.

पुढचे दिवस एकसारखे गेले. डोळा मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं. दिवसा दर दोन तासांनी थेंब, झोपताना मलम आणि पापणीवर चिकटपट्टी. बाहेर जाताना काळा चष्मा. आठवड्यातून तीनदा आंजीहून वर्ध्याला फिजिओथेरपी, म्हणजे आरशासमोर बसून स्नायूंना पुन्हा शिकवणं. जाताना एसटी, तिथून ऑटो. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या बायका आईला म्हणत, "करा ना ताई थे द्वारकाबाईचं." आई मान हलवून चष्मा नीट करायची.

नवीन भागांसाठी मुंबईहून फोन आला. स्पीकरवर मी ऐकलं. "ताई, अशाच या. उलट जास्तच चालेल."

आईला 'प' आणि 'ब' नीट म्हणता येत नव्हते, म्हणून ती हळू बोलली. "तोंड वाकडं कराले आधी सरळ लागते, भाऊ."

त्या दिवसानंतर तिने वही उघडली नाही.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डोळा जवळजवळ मिटत होता. ओठाचा कोपरा हलत नव्हता. त्या जुना कागद वाचत म्हणाल्या, "औषध तर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. मग इतकं हळू का? नसेची तपासणी करावी का, बघते."

मी रात्री सगळं कागदावर लिहून आणलं होतं. तो पर्समध्येच राहिला. "दुसरा दिवस नव्हता," मी म्हणाले. "पाचवा होता. रविवारी दुपारी मला दिसलं होतं."

डॉक्टरांनी 'काल' खोडून वार लिहिला. त्याने किती फरक पडला हे कोणी सांगू शकणार नाही, असं त्या म्हणाल्या. तपासणी आता नको, अजून सहा आठवडे व्यायाम करा, अशा वेळी उशिरानेही चेहरा परत येतो. त्या मला एक वाकडा शब्दही बोलल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

बाहेर येऊन आम्ही ऑटोची वाट बघत उभ्या राहिलो. आईने चष्मा काढला.

"रविवारी काऊन नाई बोलली वं?"

"वाटलं, तू उगाच द्वारकाबाई करते आहेस. आणि मी बोलले तर तेही वहीत जाईल."

आईच्या ओठाचा उजवा कोपरा हलला, डावा नाही. "मंग आता हे तं मले लिहिताच येणार नाई," ती म्हणाली.

ऑटो आला. ती आधी चढली. मी तिच्या डाव्या बाजूला बसले.

"लिही," मी म्हणाले. "पण यावेळी त्या मुलीच्या हातात कागद देऊ नको. तिला बोलू दे."